चाळणीबाईंचं गुलाबी कार्ड

चाळणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण विद्यापीठात कुणी त्यांना खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं. माजी विद्यार्थी कक्षात त्या एकतीस वर्षं होत्या. विद्यापीठाचं एक वार्तापत्र वर्षातून दोनदा निघायचं. त्याच्या पुढच्या पानांवर नव्या इमारतींचे फोटो, कुलगुरूंचे फोटो, आणि नव्या इमारतींसमोर उभ्या असलेल्या कुलगुरूंचे फोटो. ती पानं कुणी वाचत नसे. अंक हातात पडला की लोक तो मागून उघडायचे, कारण मागे ‘कोण कुठे’ हे सदर असायचं. शिकून गेलेल्यांनी आपापली खबरबात कळवायची, म्हणजे कोण काय करतं, कुणाला मुलगी झाली, कुणी नोकरी सोडली, आणि बाईंनी ती बॅचवार लावून छापायला पाठवायची.

आता माणूस एरवी कितीही मितभाषी असो, स्वतःबद्दल चार ओळी लिही म्हटलं की तो स्वतःच स्वतःला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. ‘एका अत्यंत नामांकित कंपनीत अतिशय जबाबदारीच्या उच्च पदावर यशस्वीपणे कार्यरत,’ असं पत्र आलं की बाईंची पेन्सिल चालायची आणि छापून यायचं, ‘कंपनीत आहे.’ पंचवीस शब्दांच्या वर एक शब्द नाही, आणि विशेषण तर एकही नाही. भुसा खाली, दाणे वर. म्हणून चाळणीबाई. उलट वनस्पतिशास्त्र शिकलेल्या एकाने ‘केस कापायचं दुकान टाकलं, तीन खुर्च्या’ एवढंच कळवलं होतं, तेव्हा बाईंनी ती ओळ उभं राहून अख्ख्या कक्षाला वाचून दाखवली होती. तत्त्वज्ञानात पहिली आलेली एक जण ‘बस चालवते, वेळेवर’ असं लिहून मोकळी झाली होती. असं कुणी लिहिलं की बाईंचा दिवस चांगला जायचा.

छापखान्यात मुद्रितं तपासणारे एक गृहस्थ होते. त्यांची आणि बाईंची जुनी पैज होती. बाईंच्या नजरेतून निसटलेलं एक विशेषण सापडलं की बाईंनी त्यांना एक चहा पाजायचा. एकतीस वर्षांत बिचाऱ्यांना तीनच चहा मिळाले होते, आणि त्यातला एक बाईंनी तापात अंक काढला होता तेव्हाचा.

बाईंचा आणखी एक नियम होता. ‘होणार’ चालत नाही, ‘झालं’ पाहिजे. लग्न होणार, बढती मिळणार, पुस्तक येणार, असल्या पत्रांसाठी टेबलाखाली चपलांचं एक रिकामं खोकं होतं. त्याला कक्षात ‘होणारचं खोकं’ म्हणत. झालं असं कळलं की पत्र खोक्यातून वर यायचं. न झालेली पत्रं तिथेच राहायची, आणि बाई ती फेकत नसत.

पण बाईंची खरी करामत म्हणजे गुलाबी कार्डं. कामाला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं होतं, की मुलग्यांचे पत्ते सापडतात आणि मुलींच्या कार्डावर धडाधड ‘पत्ता नाही’ असे शिक्के बसलेत. पत्ता कसा नसेल, चांगल्या नांदत्या बायका त्या. लग्न झालं, नाव बदललं, आणि रजिस्टरातली मुलगी हरवली. मग बाईंनी प्रत्येकीची दोन कार्डं केली. सासरच्या नावाचं पांढरं, माहेरच्या नावाचं गुलाबी. गुलाबी कार्डावर लिहायचं, ‘ही आता अमुक नावाने, पाहा पांढरं कार्ड.’ आणि उगाच कुणी कुणाच्या नावावर शिरू नये म्हणून अट अशी, की तिला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या एका पदवीधराची सही त्यावर पाहिजे. पुढे पुढे परीक्षा विभागसुद्धा नावाचा घोळ झाला की बाईंकडूनच गुलाबी कार्डाचा उतारा मागवू लागला. कॉम्प्युटर आले, कपाटं गेली, पण गुलाबी कार्डांचे खण तिथेच राहिले. शेकडो बायका त्या खणांतून बाईंनी शोधून काढल्या होत्या.

आणि त्या खणांत बाईंचं स्वतःचं कार्ड नव्हतं. नव्हतं, कारण बाई पदवीधर नव्हत्या.

ही गोष्ट कक्षात एकालाही माहीत नव्हती. बाई याच विद्यापीठात शिकल्या होत्या, तीन वर्षं पहिल्या बाकावर बसल्या होत्या, आणि शेवटच्या वर्षी संख्याशास्त्राच्या पेपरात आपटल्या होत्या. दुसऱ्यांदा पेपर होता त्या दिवशी सकाळी वडील जिन्यावरून पडले आणि बाई परीक्षेऐवजी दवाखान्यात बसल्या. तिसऱ्यांदा बसायचं तर लग्न, मग मुलगी, मग मुलीचे दात, गोवर, कांजण्या. कार्डं लिहायला वळणदार अक्षराची बाई हवी अशी जाहिरात आली, तिला पदवीची अट नव्हती. सहा महिने काम करू, तेवढ्यात पेपर देऊन टाकू, असं ठरवून बाई आल्या. सहा महिन्यांची एकतीस वर्षं झाली. कुणी विचारलं, ‘बाई, तुमची बॅच कुठली?’ तर त्या वर्ष सांगायच्या आणि लगेच त्याच्या मुलांची चौकशी करायच्या. खोटं एकदाही बोलल्या नाहीत. पण खरंही बोलल्या नाहीत, आणि ते त्यांना टोचत राहिलं.

तर अशा या बाईंच्या टेबलावर, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असताना, परीक्षा विभागाची एक सूचना छापायला आली. जुन्या अभ्यासक्रमातले ज्यांचे एक-दोन विषय राहिले असतील, त्यांना परीक्षेची एक संधी. एकच, आणि शेवटची. बाईंनी ती सूचना तीन वेळा तपासली. चूक एकही नव्हती. तरी चौथ्यांदा वाचली.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढत आलेला माणूस, तो कशाला नाही म्हणेल. तो म्हणाला, बस की परीक्षेला, बिघडलं कुठे. मग थोडा घुटमळला आणि म्हणाला, पण शिकवणार कोण, ते तुलाही माहितीये आणि मलाही.

माहीत होतंच. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे बाईंच्या वन्सं, याच विद्यापीठाच्या पदवीधर, छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या आणि दोन गल्ल्या सोडून एकट्या राहणाऱ्या. बाई लग्न होऊन घरात आल्या त्या पहिल्याच आठवड्यात वन्संनी चारचौघांत विचारलं होतं, पदवी कुठल्या श्रेणीत? बाई म्हणाल्या, एक पेपर राहिलाय. त्यावर वन्सं म्हणाल्या होत्या, “मग पदवी नाही, असं म्हण. घर बांधलं आणि दार ठेवायला विसरले, त्याला कुणी घर म्हणत नाही.” ते वाक्य बाईंच्या मनात चौतीस वर्षं कुसळासारखं रुतून बसलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं.

पण अडला हरी म्हणतात ना, तसं झालं. बाई गेल्या. वन्संनी सूचना वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, उद्यापासून सहा वाजता ये, वही घेऊन ये, आणि एक दिवस चुकवलास तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही.

पाच महिने रोज संध्याकाळी बाई वन्संच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई आणि अडुसष्ट वर्षांची मास्तरीण, आणि मध्ये लाल पेन. ‘डोकं घरी विसरून आलीस का?’ हा त्यातला सौम्य प्रश्न. प्रमाण विचलन काही केल्या बाईंच्या गळी उतरेना, तेव्हा एक दिवस वन्सं चिडून म्हणाल्या, तुझी ती कार्डं आहेत ना, पदवी मिळाल्यावर पहिली खबर कळवायला लोक किती वर्षं लावतात ते बघ जरा. बाईंनी दुसऱ्या दिवशी शंभर कार्डांवरून आकडे उतरवून आणले. सरासरी निघाली नऊ वर्षं. वन्सं म्हणाल्या, आता कोण त्या नऊपासून किती लांब पळालंय ते मोज, झालं तुझं विचलन. आणि बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी त्या घरी जवळजवळ पळत गेल्या आणि जेवताना नवऱ्याला विचलन समजावून सांगितलं. त्याला ते कळलं की नाही देव जाणे, पण त्याने दोनदा मान हलवली. वन्संनी मात्र कधी शाबासकी दिली नाही. गणित बरोबर आलं की त्या नुसतं पान उलटायच्या.

परीक्षा झाली. वीस-एकवीस वर्षांच्या पोरांमध्ये बाई बसल्या, तीन तास खाली मान घालून लिहिलं, आणि बाहेर आल्या त्या फुलून. निकाल लागणार होता शुक्रवारी अकराला. त्याच शुक्रवारी पाच वाजता अंक छापायला जायचा होता, आणि शनिवारी बाई निवृत्त व्हायच्या होत्या. म्हणजे पास झाल्या, तर आपण काढलेल्या शेवटच्या अंकात आपली एक ओळ. नापास झाल्या, तर ती कधीच नाही. चव्वेचाळीस पानांचा अंक तयार होता आणि शेवटच्या पानावर, यंदाच्या बॅचखाली, बाईंनी कुणाच्याही लक्षात येणार नाही अशी एका ओळीची जागा मोकळी सोडली होती.

तो आठवडा बाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. चहात मीठ घातलं, दोन बहिणींची पत्रं एकमेकींच्या बॅचमध्ये लावली, आणि गुरुवारी तर आपल्याच कक्षाच्या दारावर टकटक करून आत आल्या. सगळ्यांना वाटलं, निवृत्तीचं दुःख. दुःख कसलं, डोळ्यांपुढे नुसता शुक्रवार होता.

शुक्रवारी साडेनऊला टपाल आलं. त्यात वरचंच पाकीट वन्संच्या अक्षरातलं. बाई चाट पडल्या. वन्संनी पदवी घेतल्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि ‘कोण कुठे’साठी त्यांनी कधी एक ओळ पाठवली नव्हती. मला काय सांगायचंय जगाला, असं त्या म्हणायच्या. बाईंनी पाकीट उघडलं, कागद अर्धा बाहेर काढला, आणि त्यांना खालच्या ओळीतले दोनच शब्द दिसले, ‘पास झाली’. पाकिटावरचा शिक्का सोमवारचा होता. निकाल अजून लागायचाच होता. पुढचं काही न वाचता त्यांनी कागद पाकिटात सारला आणि पाकीट खाली, होणारच्या खोक्यात टाकलं. नियम म्हणजे नियम, मग तो नणंदेला का लागू नसावा.

अकरा वाजता त्या अंगण ओलांडून परीक्षा विभागाच्या फळ्यापाशी गेल्या. त्यांचा क्रमांक चारशे सतरा. उत्तीर्णांच्या यादीत चारशे चौदा होता, चारशे वीस होता, सतरा नव्हता. त्यांनी अनुत्तीर्णांची यादी पाहिली. तिथेही नव्हता. मग अगदी खाली एक बारीक ओळ होती, ‘निकाल राखून ठेवला’, आणि तिच्यापुढे एकच आकडा, चारशे सतरा.

खिडकीत जाड चष्म्याचा कारकून बसला होता. तो बाईंना बघून खूश झाला, कारण वीस वर्षं त्यांचे उतारे त्याच्याकडे येत होते. त्याने विचारलं, “बोला बाई, आज कुणाचं काम आणलंत?”

बाईंच्या मागे रांगेत चार पोरं उभी होती. खिडकीला काच होती, तिच्यात बाईंना स्वतःचा चेहरा दिसत होता. क्षणभर वाटलं, ‘एका मैत्रिणीचं’ असं म्हणून टाकावं. जिभेच्या टोकाशी आलं होतं.

“माझं,” त्या म्हणाल्या. “चारशे सतरा मी आहे.”

कारकून बघतच राहिला. पण माणूस भला, त्याने एकही प्रश्न विचारला नाही. फाइल काढली, बोट फिरवलं आणि त्याला हसू आवरेना. जुन्या रजिस्टरात माहेरचं नाव, परीक्षेच्या फॉर्मवर सासरचं. ही मुलगी आणि ती बाई एकच कशावरून? गुलाबी कार्डाचा उतारा लागेल, तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की हे आपण कुणाला सांगतोय.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. शेकडो बायकांची नावं जुळवणारी ही बाई, प्रत्येकीला पत्र लिहून बजावणारी, की बाई गं, फॉर्मवर दोन्ही नावं लिही. आणि स्वतःच्या फॉर्मवर? दिव्याखाली अंधार तो हाच. एकतीस वर्षांत स्वतःचं कार्ड कधी लिहायची वेळच आली नव्हती, म्हणून आपल्यालाही दोन नावं आहेत हेच त्या विसरल्या होत्या. आणि आता मोठीच पंचाईत. कार्ड नाही म्हणून निकाल नाही, आणि निकाल नाही म्हणून कार्ड नाही. शिवाय स्वतःचा उतारा स्वतः द्यायचा नाही, हा नियमही बाईंचाच. कक्षप्रमुखांची सही लागणार होती.

म्हणजे साहेबांना सांगावं लागणार होतं.

साहेब खोलीत शनिवारचं निरोपाचं भाषण लिहीत बसले होते. तेही इथलेच पदवीधर. त्यांना बढती मिळाली तेव्हा त्यांनी स्वतःची खबर चौऱ्याऐंशी शब्दांत लिहून दिली होती आणि बाईंनी ती ‘आता या कक्षात’ एवढी छापली होती. बाई आत गेल्या, दार लावलं, आणि बसा म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. पेपर, वडील, लग्न, एकतीस वर्षं, चारशे सतरा. एकदा तोंड उघडल्यावर त्या थांबल्या नाहीत. छातीवरचा धोंडा उतरत होता आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदमच.

साहेबांनी समोरचा कागद पाहिला. त्यावर लिहिलं होतं, ‘स्वतः याच विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या आपल्या बाई’. त्यांनी ते खोडलं नाही. पेनाचं टोपण लावलं.

“म्हणजे पदवी नसताना तुम्ही माझे ऐंशी शब्द कापलेत?”

“एक्क्याऐंशी,” बाई म्हणाल्या. सवय म्हणजे सवय.

साहेब खो खो हसले आणि उठून त्यांनी स्वतःच एक कोरं गुलाबी कार्ड काढून भरलं. निकालाआधीच कार्ड? मग काय, ते म्हणाले, तात्पुरतं म्हणून देतो, तुमच्या शेवटच्या आठवड्यात एवढी चूक मलाही करू द्या. पण तुमचीच अट आहे, दोन्ही नावांनी ओळखणारा एक पदवीधर आणा. आणि भाषण पाचनंतर पुरं करतो, त्या वाक्याचं काय करायचं ते तेव्हा बघू.

दोन्ही नावांनी ओळखणारा पदवीधर जगात एकच होता. लग्नाची आमंत्रणं हाताने लिहिली होती ती वन्संनी, दीडशे आमंत्रणं, आणि प्रत्येकावर बाईंचं माहेरचं नाव. बाईंनी नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या छपरावर उभा होता. अर्धंमुर्धं ऐकून तो म्हणाला, ताईला घेऊन येतो, आणि फोन ठेवला.

साडेतीन वाजले. पावणेचार वाजले. छापखान्यातून दोनदा विचारणा झाली. बाई खिडकीत उभ्या राहून फाटकाकडे बघत होत्या, बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. चार वाजून पाच मिनिटांनी स्कूटर आली. पुढे ग्रीसने माखलेला नवरा, मागे वन्सं, कडक इस्त्रीच्या साडीत आणि छातीशी पर्स धरून. परीक्षा विभाग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नेमकी बंद. नवरा हात पुढे करत म्हणाला, ताई, दहा मिनिटं दे, चालू करतो. वन्सं म्हणाल्या, तुझी दहा मिनिटं मला माहितीयेत, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढल्या. बाई मागून चढत होत्या आणि मनात म्हणत होत्या, लिफ्टवाल्याची बहीण माझ्यासाठी जिना चढतेय.

वन्संनी चष्मा लावला, गुलाबी कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं आणि ठसठशीत सही केली. ‘ओळख किती वर्षांची’ या रकान्यात ‘चौतीस’ लिहिलं. मागोमाग वर आलेल्या साहेबांनी खाली सही केली, शिक्का मारला. कारकुनाने फाइलला कार्ड जोडलं, सीलबंद पाकीट फोडलं आणि कागद खिडकीतून अलगद बाहेर सरकवला.

एकाहत्तर.

बाईंनी आकडा वाचला, परत वाचला, उलटा वाचला असता तर तो सतरा झाला असता, म्हणून सुलटाच तिसऱ्यांदा वाचला. मग त्या तिथेच, रांगेतल्या पोरांसमोर, हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. नवऱ्याने ग्रीसच्या हातांनी त्यांचे खांदे धरले, पांढऱ्या ब्लाउजचं वाटोळं झालं आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण वाजवल्या. एवढा आनंद बाईंना लग्नात झाला नव्हता, आणि तसं त्यांनी नवऱ्याला तिथल्या तिथे सांगूनही टाकलं. तो म्हणाला, मलाही.

वन्संनी गुणपत्रिका हातात घेतली.

“एकाहत्तर? मग एकोणतीस कुठे सांडले?”

एवढंच बोलल्या, पाणी मागून घेतलं, आणि भावाला म्हणाल्या, चल, सोड मला घरी, पायऱ्या उतरायलाही वेळ लागतो.

पाचला वीस मिनिटं कमी होती. बाई टेबलाशी आल्या. आधी कार्डं. पांढरं लिहिलं, सासरच्या नावाचं. साहेबांचं ते तात्पुरतं गुलाबी कार्ड फाइलमध्ये गेलं होतं, म्हणून नवं गुलाबी लिहिलं, माहेरच्या नावाचं, आणि एकेक अक्षर जपून लिहिलं, कारण ते नाव त्या हाताने चौतीस वर्षांत लिहिलंच नव्हतं. मग ओळ. मोकळ्या सोडलेल्या जागेत काय लिहायचं? पहिल्या मसुद्यात बाईंनी बावन्न शब्द लिहिले आणि त्यात नऊ विशेषणं होती. वाचून त्या स्वतःवरच हसल्या. अख्खं आयुष्य लोकांना नावं ठेवली, आणि आपली पाळी आली तर बावन्न शब्द. पेन्सिल घेतली, चाळलं, चाळलं, आणि शेवटी यंदाच्या बॅचखाली, वीस वर्षांच्या पोरापोरींच्या ओळीत, एवढंच उरलं: ‘एक पेपर राहिला होता. दिला.’

मग त्या खाली वाकल्या आणि होणारच्या खोक्यातून वन्संचं पाकीट वर काढलं. झालं होतं ना आता. कागद पुरता उघडला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या बॅचसाठी पहिली आणि एकुलती खबर, सोमवारी टपालात टाकलेली. ‘शाळेतून निवृत्त. यंदा एकच शिकवणी घेतली. विद्यार्थिनी माझी भावजय, वय अठ्ठावन्न. हुशार. पास झाली.’

बाईंनी शब्द मोजले. पंचवीसच्या आत होते. पेन्सिल हातात होती आणि तिचं टोक त्या एका शब्दावर येऊन थांबलं. पाच महिने त्या लाल पेनासमोर बसल्या होत्या, चौतीस वर्षं त्या घरात नांदल्या होत्या, आणि हा शब्द त्यांनी वन्संच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या बॅचखाली त्या खबरीला जागा केली आणि पानं छापखान्यात पाठवून दिली.

सव्वापाचला फोन वाजला. मुद्रितं तपासणारे गृहस्थ होते, आणि त्यांचा आवाज आनंदाने चढला होता. सापडलं, ते म्हणाले, एकतीस वर्षांतलं चौथं, आणि तेही अगदी शेवटच्या अंकात. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये एक विशेषण तुमच्या हातून राहून गेलंय, काढू ना, आणि चहा कधी पाजता?

“चहा आत्ता येऊन प्या,” चाळणीबाई म्हणाल्या. “पण तो शब्द राहून गेलेला नाही. ठेवलाय.”